मूल होण्यासाठी, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ॲक्युपंक्चर: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲक्युपंक्चर म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचायचा उपचार, आणि तो मी करते. हे प्रश्न क्लिनिकमध्ये, फोनवर आणि जास्त करून रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर येतात, कारण घरात सगळे झोपल्यावरच बाईला मोकळेपणाने विचारता येतं. उत्तरं बोलते तशीच लिहिलीयेत. काही उत्तरं तुम्हाला आवडणार नाहीत, त्याला इलाज नाही.

सुया टोचून मूल होतं का हो?

नुसत्या सुयांनी होतं असं मी सांगणार नाही. आणि कुणी "तीन महिन्यांत पॉझिटिव्ह, गॅरंटी" असा बोर्ड लावला असेल तर त्याच्या पायऱ्या चढू नका, कारण बायकांचं वंध्यत्व बरं करतो अशी जाहिरात करायलाच आपल्याकडे १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, म्हणजे तो माणूस उपचार सुरू करायच्या आधीच कायदा मोडतोय.

मग लोक येतात कशाला? पाळीतलं दुखणं, झोप न लागणं, ट्रीटमेंटचं टेन्शन, इंजेक्शनं घेऊन घेऊन आलेला वैताग, या गोष्टींत बऱ्याच जणींना आराम पडतो आणि ते काही कमी नाही, दर महिन्याला पाळी आली की बाथरूममध्ये रडणाऱ्या बाईला विचारा. पण ट्यूब ब्लॉक असेल तर सुईने उघडत नाही, आणि नवऱ्याचे शुक्राणू शून्य असतील तर बायकोला सुया लावून काय उपयोग?

मग सुरुवात कुठून करायची?

गायनॅककडून. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासण्या करायच्या, आणि वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबायचं. त्यातही दोघांच्या तपासण्या, हे मी जोरात लिहितेय कारण आपल्याकडे बाईची एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी), थायरॉइड, सोनोग्राफी, ट्यूबचा एक्सरे सगळं होऊन फाइल जाडजूड झालेली असते आणि नवऱ्याची एक साधी वीर्य तपासणी बाकी असते, का तर "त्याला काय धाड भरलीय, चांगला धडधाकट आहे". धडधाकट असण्याचा आणि शुक्राणूंचा काही संबंध नाही. सातपूर-अंबडला भट्टीजवळ काम करणारे, सतत नाइट शिफ्ट करणारे, तंबाखू खाणारे बरेच जण असतात आणि उष्णता, तंबाखू दोन्ही शुक्राणूंना वाईट. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आज तंबाखू सोडली तर फरक त्यानंतर दिसणार, आठवड्याने रिपोर्ट काढून निराश होऊ नका.

अजून एक गोष्ट, जी घरात कुणी बोलत नाही: गर्भाशयाचा आणि ट्यूबचा टीबी. खोकला नाही, ताप नाही, तरी असू शकतो आणि आपल्या देशात मूल न होण्यामागे ते एक मोठं कारण आहे. डॉक्टरांनी ती टेस्ट सांगितली तर "आमच्याकडे कुणाला टीबी नाही" म्हणून टाळू नका.

हे रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी सहसा सुया सुरू करत नाही. वय अडतीस आणि एएमएच कमी असेल तर "आधी सहा महिने सुया घेऊन बघू" म्हणणं हे त्या बाईचे सहा महिने चोरणं आहे.

आयव्हीएफ चालू आहे. ट्रान्सफरच्या (गर्भ गर्भाशयात सोडायच्या) दिवशी सुया घेतल्या तर चान्स वाढतो असं वाचलंय?

वाचलं असेल, कारण २००२ मध्ये जर्मनीतला एक अभ्यास आला होता, १६० बायकांचा. गर्भ सोडायच्या आधी आणि नंतर सुया घेतलेल्यांत ४२.५ टक्के प्रेग्नन्सी, न घेतलेल्यांत २६.३ टक्के. त्यावर जगभरातल्या ॲक्युपंक्चरवाल्यांनी उड्या मारल्या आणि अजूनही तेच आकडे भिंतीवर लावलेले असतात. पण त्या अभ्यासात दुसऱ्या गटाला खोट्या सुया लावल्या नव्हत्या, त्या नुसत्या पडून होत्या, त्यामुळे फरक सुईचा की कुणीतरी अर्धा तास काळजी घेतली त्याचा, हे कळत नाही.

मग २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा मोठा अभ्यास आला, ८४८ बायका, अर्ध्यांना खऱ्या सुया, अर्ध्यांना टोचल्यासारख्या वाटणाऱ्या पण आत न जाणाऱ्या. बाळ हातात आलेल्यांचं प्रमाण १८.३ टक्के आणि १७.८ टक्के, म्हणजे फरक नाही असंच म्हणायचं. भिंतीवर लावायचेच असतील तर हेही आकडे लावायला पाहिजेत.

तरी घ्यायच्या असतील तर घ्या, मन शांत राहतं, पण त्यासाठी ट्रान्सफरच्या दिवशी नाशिकरोडहून गंगापूर रोडपर्यंत धावपळ करू नका. आणि रक्त पातळ करायची इंजेक्शनं किंवा गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, बऱ्याच आयव्हीएफ पेशंटना ती दिलेली असतात आणि "ते पोटावरचं छोटं इंजेक्शन" म्हणून त्या सांगायचंच विसरतात.

मला पीसीओडी आहे, पाळी तीन-तीन महिने येत नाही. सुयांनी रेग्युलर होईल?

थोडाफार फरक काहींना जाणवतो, पण मूल होण्याबद्दल विचाराल तर खुद्द चीनमध्येच १००० बायकांवर अभ्यास झालाय, २०१७ साली छापून आला. खऱ्या सुयांच्या गटात २१.८ टक्के बायकांना बाळ झालं आणि खोट्या सुयांच्या गटात २२.४ टक्के. ज्यांना बीज तयार व्हायची गोळी दिली होती त्यांच्यात मात्र बाळ झालेल्यांचं प्रमाण गोळी न दिलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट होतं. म्हणून डॉक्टरांची गोळी बंद करून माझ्याकडे येऊ नका, गोळी चालू ठेवून या. आणि वजन जास्त असेल तर पाच टक्के जरी कमी झालं, म्हणजे ऐंशी किलोच्या बाईने चार किलो, तरी बऱ्याच जणींची पाळी मार्गावर येते. कॉलेज रोडची मिसळ महिन्यातून एकदा ठेवा, दर रविवारी नको.

हे चिनी आहे ना? आपल्याकडे चालतं का, कायदेशीर आहे का?

मूळ चीनचं, आणि त्याचा आपल्याशी असलेला धागा गंमतशीर आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात डॉ. बिजय कुमार बसू होते. कोटणीस तिकडेच १९४२ मध्ये गेले, ते सर्जन होते, ॲक्युपंक्चर त्यांनी आणलं असं कुणी सांगितलं तर चूक. आणलं ते बसूंनी, पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी परत चीनला जाऊन शिकून आले आणि कोलकात्यात सुरू केलं.

कायद्याचं म्हणाल तर केंद्राने २००३ मध्ये उपचाराची पद्धत म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात २०१५ चा वेगळा कायदा आहे आणि कौन्सिल आहे, तिथे रजिस्ट्रेशन लागतं. भिंतीवरचं सर्टिफिकेट कौन्सिलचं आहे की दोन दिवसांच्या शिबिराचं ते बघा. लाजू नका, बघा. माझंही बघा.

दुखतं का?

इंजेक्शनसारखं नाही. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव आणि केसापेक्षा जाड, पाव मिलिमीटरच्या आसपास. टोचताना मुंगी चावल्यासारखं आणि मग जड, भरल्यासारखं वाटतं. वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं, अर्ध्या बायका घोरतात. सुई दर वेळी नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडलेली पाहिजे, आणि काढल्यावर कडक डब्यात गेली पाहिजे. कुणी "तुमच्या नावाची सुई ठेवलीय, उकळून वापरतो" म्हणालं तर उठून या.

उपवास आहे, चालेल का?

नको. नवरात्रात नऊ दिवस फक्त पाण्यावर असलेल्या बाईला सुया लावल्या की चक्कर येते. साबुदाण्याची वाटीभर खिचडी खाऊन या नाहीतर दसऱ्यानंतर या.

त्र्यंबकला नारायण नागबळी करून आलोय, सप्तशृंगीला नवस पण बोललोय. त्याच्याबरोबर हे चालेल?

चालेल की. फक्त विधीच्या तारखेसाठी फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे बीज किती वाढलंय ते बघायची सोनोग्राफी चुकवू नका, बीज फुटायची वेळ आपल्या सोयीने पुढे सरकत नाही.

मुलगा होण्यासाठी काही पॉइंट असतो का?

नसतो. आणि गर्भधारणेच्या आधी असो की नंतर, लिंग ठरवून घ्यायचा प्रयत्न हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. हा प्रश्न फोनवर आला की मी फोन ठेवते.

चिनी औषधं पण देता का? ऑनलाइन एक पावडर दिसली, गर्भाशय गरम करणारी.

मी देत नाही आणि मागवू नका. हे जरा सविस्तर लिहिते कारण धोका खरा इथे आहे, सुईत नाही.

चिनी पद्धतीत एका पेशंटसाठी आठ-दहा झाडपाल्यांचं मिश्रण बनवतात आणि ते नाडी-जीभ बघून दर थोड्या दिवसांनी बदलतात. ऑनलाइन पाकिटात यातलं काहीच नसतं, सगळ्यांना एकच पावडर, आणि आत काय आहे ते लेबलवर लिहिलेलंच असेल असं नाही. अशा पाकिटांमध्ये शिसं, पारा, कधी चोरून घातलेलं स्टेरॉइड सापडलेलं आहे. बेल्जियममध्ये नव्वदच्या दशकात वजन कमी करायच्या एका क्लिनिकमध्ये एका झाडाच्या जागी चुकून दुसरं, ॲरिस्टोलोकिया जातीचं झाड आलं आणि कित्येक बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या, पुढे काहींना कॅन्सरही झाला. नावं सारखी आणि दिसायला सारखं, एवढीच चूक.

दुसरं, बायकांचं म्हणून प्रसिद्ध असलेलं डाँग ग्वाय नावाचं मूळ रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो, आणि दिवस गेल्यावर ते घेऊच नये. आणि ज्या बाईचं आयव्हीएफ चालू आहे तिला दर महिन्याला दिवस राहिलेले असू शकतात ना.

हेच आपल्या गावठी पुड्यांनाही लागू. "नॅचरल आहे" म्हणून काय झालं, धोत्राही नॅचरलच असतो. आयुर्वेदाचं काही घ्यायचं असेल तर शिकलेल्या वैद्यांकडून घ्या आणि गायनॅकला नाव सांगा, लपवू नका. डॉक्टर रागावले तरी चालेल.

दिवस गेलेत! आता सुया बंद करायच्या का?

अभिनंदन. बंदच करायला पाहिजे असं नाही, पण तुमच्यावर काम करणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगा, अजून कुणाला सांगितलं नसेल तरी त्याला सांगा. हाताचा अंगठा आणि पहिल्या बोटामधल्या मांसल भागावर, घोट्याच्या वर आतल्या बाजूला, माकडहाडाजवळ आणि ओटीपोटावर गरोदरपणात सुया टाळायची परंपरा आहे. त्याने गर्भपात होतोच असा पुरावा नाही, पण उगाच कशाला? जाऊबाईने यूट्यूब बघून डोकेदुखीसाठी अंगठ्याजवळ दाबायला सांगितलं तर तिलाही नको म्हणा.

रक्त दिसलं, पोटात कळ आली, तर सुया नाही, सरळ डॉक्टर.

उलट्यांनी हैराण आहे, काही खाता येत नाही.

मनगटाच्या आतल्या रेषेपासून आपलीच तीन बोटं आडवी ठेवा, त्याच्या वर दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मधे जो खड्डा आहे तिथे अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा, दिवसातून चार-पाच वेळा. त्यासाठी बटणवाले पट्टेही मिळतात. अभ्यासांचे निकाल मिश्र आहेत, पण नुकसान काही नाही आणि फुकट आहे, त्यामुळे यासाठी माझ्याकडे पैसे देऊन यायची गरज नाही. सकाळी उठल्याउठल्या कोरडा टोस्ट, आल्याचा तुकडा, हे आजीचं बरोबर आहे. पण पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन घटत असेल तर ॲडमिट होऊन सलाइन लागतं, "होतं असं सगळ्यांना" म्हणून घरी झोपू नका.

सातवा महिना आहे, कंबर आणि मांडीच्या सांध्यात इतकं दुखतं की कूस बदलता येत नाही.

इथे मी जरा आत्मविश्वासाने बोलते. स्वीडनमध्ये ३८६ गरोदर बायकांवर अभ्यास झाला, २००५ ला आला, त्यात नेहमीच्या उपचाराला सुयांची जोड दिलेल्यांचं दुखणं सगळ्यात जास्त कमी झालं, खास व्यायाम केलेल्यांचं त्यानंतर. मी दोन्ही एकत्र सांगते. कुशीवर झोपून, गुडघ्यांमध्ये उशी ठेवून सुया लावते, पालथं झोपवत नाही. आणि टू-व्हीलरवर एक पाय टाकून बसणं, जिना दोन-दोन पायऱ्या चढणं बंद करा, रस्त्यावरच्या खड्ड्यांचं मी काही करू शकत नाही.

बाळ पायाळू आहे. पायाच्या करंगळीला धुरी दिली की फिरतं म्हणे?

यावर सगळ्यांचा विश्वास बसत नाही आणि मला सगळ्यात जास्त आवडणारा विषय हाच. करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ एक बिंदू आहे, तिथे मॉक्साची, म्हणजे आपल्या दवण्याच्या कुळातल्या वनस्पतीच्या वाळलेल्या पानांची कांडी पेटवून लांबून शेक द्यायचा. त्वचेला लावायची नाही, ऊब लागेल इतकीच. १९९८ मध्ये चीनमधला २६० पहिलटकरणींचा अभ्यास आला, ३३ व्या आठवड्यापासून शेक दिला, आणि ३५ व्या आठवड्यात ७५.४ टक्के बाळं डोकं खाली करून होती, शेक न दिलेल्यांत ४७.७ टक्के. नंतर इटलीत करून बघितलं तर असा फरक दिसला नाही, तिथे बऱ्याच जणींनी मधेच सोडून दिलं. सगळे अभ्यास एकत्र बघितले तर थोडा फायदा असावा असंच दिसतं. हेही बघा की न देताही जवळजवळ निम्मी बाळं आपोआप फिरली होती, त्यामुळे फिरलं की सगळं श्रेय मी घेणार नाही.

३३ ते ३५ आठवडे ही वेळ बरी. जुळं असेल, वार खाली असेल, आधीचं सिझर असेल, रक्त गेलं असेल, पाणी कमी असेल तर नाही. गायनॅकला विचारून मगच, मी चिठ्ठी मागते. नवऱ्याला कांडी धरायला शिकवते कारण हे घरी रोज करायचं असतं आणि त्या वेळेला बाईला आपली करंगळी दिसतच नाही. खिडकी उघडी ठेवा, धूर खूप होतो. नाही फिरलं तर ३६-३७ आठवड्यांनंतर डॉक्टर पोटावरून हाताने फिरवायचा प्रयत्न करू शकतात, नाहीतर सिझर. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते म्हणतात, तेवढा फायदा मात्र सिझरने जाईल!

तारीख उलटली, कळा येण्यासाठी सुया लावता का?

डॉक्टर हो म्हणाले तर. सुयांनी सिझर टळतं असं दिसलेलं नाही. पोटातल्या बाळाची हालचाल कमी वाटली तर माझ्याकडे नाही, लगेच हॉस्पिटल.

बाळंतपणानंतर कधीपासून घेता येतं? सासूबाई सव्वा महिना घराबाहेर पाठवत नाहीत.

सासूबाईंशी भांडू नका, चीनमध्येही अगदी हेच आहे. तिकडे महिनाभर बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही, गार पाणी नाही, वारं नाही, आलं-तीळ घातलेलं गरम खायचं. आपल्याकडे अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, डोक्याला स्कार्फ. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकमेकींना न विचारता बाईला महिनाभर कामातून सुट्टी काढून दिली, आणि ती सुट्टी फार मोलाची आहे.

पण दोन गोष्टी बदला. एक, शेगडी. निफाड-नाशिकची थंडी कडक असते हे मान्य, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे विषारी वायू, वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. शेक द्या, खिडकी उघडून द्या, रात्री शेगडी बाहेर. दुसरं, पाणी. "पाणी प्यायलं तर पोट सुटतं" हे खोटं आहे, दूध पाजणाऱ्या बाईने तहान लागेल तेवढं प्यायचंच.

सुयांसाठी नॉर्मल डिलिव्हरीनंतर बाईला बरं वाटत असेल तर दोन-तीन आठवड्यांनी चालतं, सिझरनंतर टाके भरेपर्यंत थांबा, टाक्यांच्या जवळ सुई नाही. कंबर, मान, दूध पाजून पाजून दुखणारं मनगट, यासाठी उपयोग होतो. ताप १००.४ च्या वर, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एका पायाला सूज आणि दुखणं, जोरात डोकं दुखून डोळ्यापुढे अंधारी, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा, सव्वा महिना बघू नका.

दूध कमी येतंय. सुयांनी वाढतं का?

छातीच्या मधोमध आणि हाताच्या करंगळीच्या टोकाशी यासाठीचे बिंदू सांगितलेत, छोट्या अभ्यासांत फायदा दिसलाय, पण मी पहिल्यांदा बाळ छातीला कसं लागतंय ते बघायला सांगते. नुसतं निप्पल तोंडात असेल तर कितीही सुया लावा. वारंवार पाजणं हाच मोठा उपाय.

बाळ चांगलं आहे, घरचे चांगले आहेत, तरी मला सारखं रडू येतं.

पहिले दहा-पंधरा दिवस बऱ्याच जणींना येतं, हार्मोन्स खाली येतात आणि झोप नसते. त्याच्यापुढे चालू राहिलं, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, किंवा स्वतःचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, तर ते आजारपण आहे, नाटक नाही, आणि त्याला औषध आहे, दूध पाजताना चालणारी औषधंही आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. सुया मी लावेन, पण डॉक्टरांच्या उपचाराबरोबर, त्याच्या ऐवजी नाही. आणि घरच्यांनो, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे वाक्य कृपया नको. होतं, तुम्हाला विचारलं नव्हतं कुणी.

किती सिटिंग, किती खर्च?

आठवड्यातून एकदा-दोनदा, आणि सहा वेळा घेऊन काहीच फरक नसेल तर मीच थांबवते. सगळ्या सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरायला लावणाऱ्यांपासून लांब राहा. मेडिक्लेममध्ये सहसा ओपीडी बसत नाही, एजंटला विचारून घ्या.

येताना काय आणायचं?

दोघांची फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं, शेवटच्या पाळीची तारीख. सैल सलवार किंवा गुडघ्यापर्यंत वर होईल असं काहीतरी घाला, जीन्स नको. लहान मूल बरोबर असेल तर धरायला कुणीतरी आणा, सुया लागलेल्या असताना तुम्हाला उठता येणार नाही आणि मला एकाच वेळी दोघांकडे बघता येत नाही. पहिल्या वेळी नवऱ्याला घेऊन या, तो बाहेर गाडीत बसून राहणार असेल तरी त्याला आत बोलवायचं काम माझं.